परवाना अठराव्या वर्षी; शिक्षण कधी?

(युवक कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील व्याख्यान)



कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात शेतमालाचे भाव, पाणीवाटप, रोजगार, कामगारांचे हक्क या विषयांना स्थान असते आणि ते असलेच पाहिजे. रस्त्यावरील अपघात हा विषय मात्र या यादीत सहसा येत नाही. तो पोलिसांचा, परिवहन कार्यालयाचा किंवा फार तर दैवाचा विषय मानला जातो. एखाद्या गावात सतरा वर्षांचा मुलगा मोटारसायकलवरून जाताना ट्रॉलीवर आदळून मेला, तर गाव हळहळते, 'वेळ आली होती' असे म्हणते आणि तेराव्यानंतर व्यवहार पूर्ववत सुरू होतात. गिरणीत यंत्रात हात सापडून कामगार जायबंदी झाला, तर त्यालाही एके काळी दैवच म्हणत असत. यंत्राला संरक्षक जाळी नव्हती, कामाचे तास अमानुष होते, शिकाऊ कामगाराला प्रशिक्षणच दिलेले नव्हते, हे कामगार चळवळीने दाखवून दिले आणि दैवाची जागा जबाबदारीने घेतली. रस्त्यावरच्या तरुण मृत्यूंच्या बाबतीत हेच काम अद्याप व्हायचे आहे.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहावा. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात भारतात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी १५ हजारांहून अधिक मृत्यू एकट्या महाराष्ट्रातले होते. ५ ते २९ या वयोगटातील मुलांच्या व तरुणांच्या मृत्यूचे जगातील पहिल्या क्रमांकाचे कारण रस्त्यावरील अपघात हे आहे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. एखाद्या साथीने इतके बळी घेतले असते, तर विधिमंडळाचे खास अधिवेशन बोलवावे लागले असते.

हे बळी कोणाचे आहेत? रस्त्यावरचा मृत्यू म्हटला की महामार्गावर चुराडा झालेल्या मोटारीचे छायाचित्र डोळ्यांसमोर येते. आकडे वेगळीच हकिगत सांगतात. २०२२ साली मेलेल्यांपैकी ७४,८९७ जण दुचाकीवर होते आणि ३२,८२५ जण पायी चाललेले होते. म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश मृत्यू हे दुचाकीस्वार आणि पादचारी यांचे आहेत. त्याच वर्षी हेल्मेट न घातलेले ५०,०२९ दुचाकीस्वार दगावले; त्यांत मागे बसलेल्यांची संख्या १४ हजारांवर होती. ज्याच्याभोवती पोलादी पत्र्याचे कवच आहे तो तुलनेने सुरक्षित, आणि ज्याच्या अंगाभोवती सदऱ्याखेरीज काही नाही तो धोक्यात, अशी ही विषमता आहे. म्हणून हा प्रश्न सामान्य माणसाच्या प्रश्नांच्या यादीत वरच्या जागी यायला हवा.

या व्यापक प्रश्नातील एका कोपऱ्याकडे आज विशेष लक्ष वेधावयाचे आहे. तो कोपरा म्हणजे चौदा ते अठरा वर्षांची मुले आणि त्यांच्या हाती आलेले वाहन.

कायदा याबाबत काय म्हणतो? मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या चौथ्या कलमानुसार अठरा वर्षांखालील व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी मोटार वाहन चालवता येत नाही. याला एक अपवाद आहे. पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतच्या इंजिनाची मोटारसायकल सोळाव्या वर्षी परवाना काढून चालवता येते. ही तरतूद लुनाच्या जमान्यातली आहे. पुण्यात १९७२ साली निघालेल्या त्या मोपेडला पायडलही होते आणि तिचा वेग बेताचा असे. आज बाजारात सर्रास मिळणाऱ्या मोटारसायकली शंभर, दीडशे, दोनशे घन सेंटिमीटरच्या आहेत. सोळा वर्षांचा मुलगा कायद्याने जे वाहन चालवू शकतो ते दुकानात क्वचितच मिळते, आणि दुकानात जे मिळते ते तो कायद्याने चालवू शकत नाही. तरीही तो चालवतो, हे सर्वांना ठाऊक आहे. कनिष्ठ महाविद्यालयाच्या फाटकाबाहेर उभ्या असलेल्या दुचाक्यांची रांग मोजावी आणि अकरावीतल्या मुलांचे वय आठवावे. आणखी पुराव्याची गरज नाही.

२०१९ साली या अधिनियमात दुरुस्ती झाली आणि १९९ (अ) हे नवे कलम आले. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केल्यास त्याचा पालक अथवा वाहनाचा मालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास, पंचवीस हजार रुपये दंड, बारा महिने वाहनाची नोंदणी रद्द आणि त्या मुलाला वयाची पंचवीस वर्षे पूर्ण होईपर्यंत परवाना नाही, अशी ही शिक्षा आहे. आपल्याला माहीत नव्हते किंवा आपण पुरेशी काळजी घेतली होती, हे पालकानेच सिद्ध करावयाचे आहे. कायदा कडक आहे यात शंका नाही. पण कायदा कडक असणे आणि तो लागू होणे या दोन गोष्टींमध्ये या देशात मोठे अंतर पडते.

ते अंतर किती पडू शकते, हे पुण्याने १९ मे २०२४ च्या पहाटे पाहिले. कल्याणीनगर भागात एका सतरा वर्षांच्या मुलाच्या हातातील आलिशान परदेशी मोटारीने दुचाकीला धडक दिली, असा गुन्हा नोंदला गेला. दुचाकीवरील दोन तरुण अभियंते, एक युवक आणि एक युवती, जागीच गेले. त्या मोटारीची कायम नोंदणीही झालेली नव्हती. मुलाला त्याच दिवशी जामीन मिळाला आणि जामिनाच्या अटींमध्ये अपघात या विषयावर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची अट होती. पुढे रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून शासकीय रुग्णालयातील डॉक्टरांना आणि मुलाच्या आईवडिलांनाही अटक झाली. दोन जीवांची किंमत तीनशे शब्द काय, असा संताप राज्यभर उसळला. तो संताप न्याय्य होता. पैशाच्या जोरावर कायदा वाकवता येतो हा सामान्यांचा जुना अनुभव आहे आणि या प्रकरणाने त्या जखमेवरची खपली निघाली.

परंतु संताप ओसरल्यावर एक गोष्ट नजरेआड राहून गेली. त्या प्रकरणाने राज्याला एक अल्पवयीन चालक दिसला: धनिकाचा मुलगा, रात्रीची मेजवानी, किमती मोटार. गावोगावचा दुसरा अल्पवयीन चालक दिसला नाही. तो वडिलांच्या जुन्या मोटारसायकलला दुधाचे कॅन लटकवून पहाटे डेअरीवर जातो. बहिणीला शाळेच्या गावी सोडतो. तिघे मित्र एका गाडीवर बसून आठ-दहा किलोमीटरवरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जातात. कोणाच्याच डोक्यावर हेल्मेट नसते. तो मेला तर स्थानिक पत्राच्या आतल्या पानावर चार ओळी येतात, आणि त्याच्या हातून कोणी मेले तर त्याच्या बापाची जमीन गहाण पडते. दोघांना लागणारे कायद्याचे कलम एकच, पण दोघांच्या हाती वाहन येण्याची कारणे मात्र सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्याच्या हातात वाहन आले ते मस्तीतून. दुसऱ्याच्या हातात ते बहुधा निरुपायाने येते.

हा निरुपाय कोणी निर्माण केला? १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली गाडी धावली. 'गाव तिथे एसटी' ही नंतरची घोषणा केवळ प्रवासाची सोय करणारी नव्हती. तिच्यामुळे खेड्यातला मुलगा, आणि विशेषतः मुलगी, तालुक्याच्या शाळेत पोचली. सवलतीचा पास हा ग्रामीण शिक्षणाचा कणा होता. पण जिथे शाळेच्या वेळेची फेरी बंद झाली, गाडी आली तर उशिरा आली, सायंकाळची शेवटची गाडी रद्द झाली, तिथे घरातली मोटारसायकल हीच शाळेची गाडी बनली. २०२१ च्या ऑक्टोबरअखेरीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत चाललेल्या एसटी कर्मचाऱ्यांच्या संपात हजारो विद्यार्थ्यांना दुसरा मार्गच उरला नव्हता. एकदा मोडलेली सवय पुन्हा जोडली जात नाही. बसची वाट पाहणारा मुलगा एकदा दुचाकीवर बसला की तो थांब्यावर परत येणे कठीण असते. म्हणून सार्वजनिक वाहतूक आणि तरुणांची सुरक्षितता हे दोन वेगळे प्रश्न नाहीत. शाळेच्या वेळेला वेळेवर येणारी बस हे अल्पवयीन वाहनचालनावरचे सर्वांत स्वस्त औषध आहे.

अर्थात सगळा दोष निरुपायावर टाकून चालणार नाही. पोर दहावीत गेले नाही तोच 'आमचा गडी बुलेट मारतो' असे मिशीवर ताव देत सांगणारे बाप आहेत. दहावीला चांगले गुण पडले म्हणून गाडी घेऊन देणारे आहेत. पोलिसाने अडवले तर कोणाला फोन लावायचा हे मुलाला आधी शिकवले जाते. गाडी कशी थांबवायची हे नंतर. जो पुढारी असा फोन घेतो आणि 'आपलाच पोरगा आहे, सोडा त्याला' असे सांगतो, तोही या मृत्यूंचा वाटेकरी आहे.

आता वयाकडे वळावे. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा गाडी चालवायला फार लवकर शिकतो. क्लच, गिअर, ब्रेक हे त्याला आठवड्यात जमते, बापापेक्षा सफाईने जमते. त्यामुळे त्याला गाडी 'येते' असा घरच्यांचा समज होतो. पण गाडी हाताळणे वेगळे आणि रस्ता वाचणे वेगळे. उभ्या बसच्या पुढून एखादे मूल धावत येईल, पुढची बैलगाडी हात न दाखवता वळेल, पावसाच्या पहिल्या सरीने डांबर निसरडे झाले असेल, समोरच्या एका दिव्यामागे मोटारसायकल नसून एक दिवा गेलेला ट्रक असेल, हे ओळखण्याची दृष्टी अनुभवाने येते आणि तिला वर्षे लागतात. शिवाय या वयात धोक्याचा अंदाज कमी आणि सोबत्यांची भीड जास्त असते. सोळा-सतरा वर्षांच्या चालकासोबत त्याच वयाचे मित्र बसले की प्राणघातक अपघाताची शक्यता वाढते, आणि मित्रांची संख्या वाढेल तशी ती आणखी वाढते, असे अमेरिकेतील अभ्यासांत आढळले आहे. ट्रिपल सीट हा केवळ वजनाचा प्रश्न नाही, हे यावरून ध्यानात यावे.

वेगाचे गणितही ध्यानात घ्यावे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १७ मीटर. समोर काही दिसल्यापासून ब्रेकवर पाय किंवा हात पडेपर्यंत एक सेकंद सहज जातो, आणि तेवढ्यात गाडी १७ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागायला तेव्हा कुठे सुरुवात होते. वेग दुप्पट झाला की गाडीतील आघाताची शक्ती चौपट होते. ३० च्या वेगाने जो धक्का हाडावर निभावतो तो ६० च्या वेगाने चौपट होऊन येतो. हे नववी-दहावीच्या विज्ञानातले साधे सूत्र आहे. मुले ते परीक्षेत लिहून गुण मिळवतात आणि शाळा सुटल्यावर त्याच सूत्राखाली सापडतात. पाठ्यपुस्तक आणि रस्ता यांची गाठ कोणीच घालून दिलेली नसते.

मग मुलांना शाळेतच वाहन चालवायला शिकवावे काय? हा उपाय झटकन सुचतो. पण तो आधी एका देशाने करून पाहिला आहे. अमेरिकेत १९३० च्या दशकात पेनसिल्व्हेनिया राज्यातील स्टेट कॉलेज या गावच्या हायस्कुलात वाहनचालनाचे वर्ग सुरू झाले आणि तो प्रकार देशभर पसरला. असे शिक्षण दिले की अपघात कमी होतील, हे सर्वांनी गृहीत धरले होते. १९७० च्या दशकाअखेरीस जॉर्जिया राज्यातील डीकॅल्ब परगण्यात सुमारे १६,००० विद्यार्थ्यांवर मोठा प्रयोग झाला. काहींना विस्तृत शिक्षण, काहींना जुजबी शिक्षण आणि काहींना शाळेतून काहीच नाही, अशी विभागणी केली गेली. फळ निराशाजनक होते. विस्तृत शिक्षणाचा फारसा टिकाऊ फायदा दिसला नाही. कनेक्टिकट राज्यात काही शाळांनी हे वर्ग बंद केले, तेव्हा तेथील सोळा-सतरा वर्षांच्या मुलांचे परवाने घेणे कमी झाले आणि त्यांचे अपघातही कमी झाले. याचा अर्थ उघड आहे. ज्या शिक्षणाचा एकमेव परिणाम मुलाच्या हाती दोन वर्षे आधी परवाना देणे हा असतो, ते शिक्षण त्याला वाचवत नाही. उलट त्याला धोक्यात लवकर लोटते.

दुसरा धडा न्यूझीलंडने दिला. त्या देशाने १९८७ साली पायरीपायरीने परवाना देण्याची पद्धत सुरू केली. प्रथम शिकाऊ परवाना, तोही जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली. मग मर्यादित परवाना, ज्यात रात्री एकट्याने वाहन चालवायचे नाही आणि सोबत मित्र बसवायचे नाहीत. आणि त्यानंतरच पूर्ण परवाना. पुढे २०११ साली तेथील किमान वयही पंधरावरून सोळा करण्यात आले. अमेरिकेतील राज्यांनी १९९० च्या दशकापासून हीच वाट धरली आणि लहान वयाच्या चालकांच्या अपघातांत लक्षणीय घट झाली. या पद्धतीमागचा विचार साधा आहे. अनुभव हा अनुभवानेच येतो, म्हणून तो कमी धोक्याच्या परिस्थितीत आधी मिळू द्यावा आणि जास्त धोक्याची परिस्थिती पुढे ढकलावी. सुतार आपल्या शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी करवतीच्या यंत्रावर उभे करत नाही, त्यातलाच हा प्रकार.

या कसोटीवर येथील पद्धत कशी उतरते? शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. त्या तीस दिवसांत उमेदवाराने किती तास वाहन चालवले, कोणत्या रस्त्यावर चालवले, रात्री चालवले की नाही, हे कोणी विचारत नाही. दुचाकीच्या चाचणीत मैदानावर आठचा आकडा काढून दाखवला की काम होते. पुष्कळ ठिकाणी तोही आकडा एजंटच्या वहीतल्या आकड्यापुढे फिका पडतो. २०२१ पासून शिकाऊ परवान्याची परीक्षा घरबसल्या संगणकावर देण्याची सोय झाली. हेलपाटे वाचले हे खरे. पण घरात बसून उत्तरे नक्की कोण देतो यावर लक्ष ठेवणे अवघड असते. त्याच वर्षी मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्रांचे नियम आले. त्यांत हलक्या मोटार वाहनासाठी २९ तासांचा अभ्यासक्रम आहे: ८ तास तात्त्विक आणि २१ तास प्रत्यक्ष, आणि त्यात शहरी रस्ता, ग्रामीण रस्ता, महामार्ग, चढ-उतार यांचा समावेश आहे. अभ्यासक्रम चांगला आहे. परंतु तो सक्तीचा नाही. आणि सर्वांत जास्त माणसे ज्या वाहनावर मरतात त्या दुचाकीसाठी तर कोणत्याही शाळेत जाण्याची सक्ती नाही. ज्याच्याजवळ मोटार घेण्याची ऐपत आहे त्याच्यासाठी बाजारात शिकवणी आहे. दुचाकीवरच्या पोराचा गुरू म्हणजे गल्लीतला त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा पोरगा.

तेव्हा कार्यकर्त्यांनी मागणी कशाची करावी? अठरा वर्षांखाली हँडल नाही, पण शिक्षण मात्र आधीपासून, असे या मागणीचे सूत्र असावे. आठवीपासून दहावीपर्यंतचा प्रत्येक विद्यार्थी हा पादचारी असतो, सायकलस्वार असतो, कोणाच्या तरी गाडीवर मागे बसणारा असतो. त्याला रस्ता शिकवण्यासाठी मोटारसायकल लागत नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याने सतरा मीटरची रेघ मारून 'ताशी साठच्या वेगात डोळ्याने पाहिल्यापासून ब्रेक लागेपर्यंत इतके अंतर गेलेले असते' हे दाखवायला चुना आणि टेप यांखेरीज खर्च नाही. उभ्या एसटीच्या चालकाच्या जागेवर मुलांना आळीपाळीने बसवून गाडीच्या पुढचे, बाजूचे आणि मागचे किती भाग चालकाला दिसतच नाहीत हे प्रत्यक्ष दाखवता येते. हेल्मेटचा पट्टा हनुवटीखाली आवळला नाही तर ते डोक्यावरून उडते, हे एकदा पाहिलेले मूल विसरत नाही. 'तिसरा म्हणून मी बसणार नाही' असे मित्राला सांगण्याचे धैर्य हाही शिक्षणाचा भाग आहे, आणि तो कदाचित सर्वांत अवघड आहे.

हे शिकवणार कोण? शिक्षकांवर आधीच अशैक्षणिक कामांचे ओझे आहे. त्यांत भर घालणे अन्यायाचे होईल. पण महाराष्ट्राजवळ या विषयाचे हजारो जाणकार आहेत. राज्य परिवहनात पंचवीस वर्षे विनाअपघात सेवा केलेल्या चालकांचा सत्कार करण्याची प्रथा आहे. घाटातल्या धुक्यात, पावसाळ्यातल्या पुलांवरून, जत्रेच्या गर्दीतून पन्नास-पन्नास माणसे सुखरूप पोचवणारा हा माणूस निवृत्तीनंतर गावी परततो आणि त्याच्या ज्ञानाला कोणी विचारत नाही. शाल-श्रीफळ देऊन समाजाने त्याचे ऋण फेडले असे होत नाही. अशा चालकांना मानधन देऊन शाळाशाळांतून बोलवावे, ही मागणी जिल्हा परिषदांकडे आणि शासनाकडे लावून धरण्याजोगी आहे. श्रमिकाचे ज्ञान हेही ज्ञानच आहे, हे सभांतून सांगितले जाते. त्याला शाळेच्या वर्गात खुर्ची मिळवून देण्याची ही संधी आहे. अठरा वर्षांनंतरच्या परवान्यासाठी शासकीय तंत्रशाळांमधून दुचाकीचे अल्प शुल्कातील अभ्यासक्रम आणि नव्या चालकासाठी पहिले वर्ष मर्यादित परवाना, ही त्या मागणीची पुढची पायरी.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. शिक्षण, बस, मर्यादित परवाना हे सारे दूरचे. आज तातडीने पालकांना तुरुंगात टाका, म्हणजे सारे सुतासारखे सरळ होईल. दंडाची भीती हवीच, पण ती शिक्षेच्या आकड्याने निर्माण होत नाही, शिक्षा होण्याच्या खात्रीने होते. शंभरांतून एकाला तीन वर्षे आणि नव्व्याण्णवांना एका फोनवर सुटका, यापेक्षा शंभर जणांची गाडी महिनाभर अडकून पडणे अधिक परिणामकारक ठरेल. शिवाय कायदा जबाबदारी कशी वाटतो, तेही पाहिले पाहिजे. ज्या २०१९ च्या दुरुस्तीने पालकाला तीन वर्षांपर्यंत कारावास सांगितला, त्याच दुरुस्तीतील १९८ (अ) या कलमात सदोष रस्ता बांधणाऱ्या वा त्याची देखभाल न करणाऱ्या यंत्रणेला आणि कंत्राटदाराला, त्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व आल्यास, शिक्षा सांगितली आहे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची. कारावास नाही. दूध घालायला पोराला पाठवणारा बाप तुरुंगात जाऊ शकतो. वळणावर फलक न लावणारा, खड्डा न बुजवणारा कंत्राटदार पैसे भरून मोकळा होतो. कायद्याच्या या तराजूबद्दल प्रश्न विचारणे हे पुरोगामी चळवळीचे कर्तव्य आहे. त्याने पालकाची जबाबदारी कमी होत नाही. दुसऱ्याची जबाबदारी उघड होते, इतकेच.

पालकांना समजावताना कार्यकर्त्याने विम्याची बाजू अवश्य सांगावी, कारण ती फार थोड्यांना ठाऊक असते. परवाना नसलेल्या मुलाच्या हातून कोणी दगावले तर भरपाईचा भार विमा कंपनी मालकावर ढकलू शकते. न्यायालये पुष्कळदा कंपनीला आधी पीडित कुटुंबाला रक्कम द्यायला लावतात. पण ती रक्कम मालकाकडून वसूल करण्याची मुभाही देतात. दोन-तीन एकरांच्या कुटुंबाला अशी वसुली म्हणजे पिढीचे कर्ज. मुलाला किल्ली देताना बाप खरे तर सातबाराच त्याच्या हाती देत असतो. नीतीच्या उपदेशाने जे पटत नाही ते या एका वाक्याने पटते, असा अनुभव यावयास हरकत नाही.

शेवटी एक गोष्ट स्पष्टपणे सांगणे भाग आहे. निवडणूक आली, नेत्याचा वाढदिवस आला, जयंती आली की सर्व पक्षांच्या मोटारसायकल फेऱ्या निघतात. बिनहेल्मेटची, मिसरूड न फुटलेली मुले, एकेका गाडीवर तिघे-तिघे, एका हातात झेंडा आणि दुसरा हॉर्नवर. पेट्रोल पक्ष भरतो, गर्दीची छायाचित्रे पक्ष छापतो आणि पोलीस बाजूला उभे राहतात. त्या दिवशी त्या मुलाला जे शिक्षण मिळते ते शाळेतले शंभर तास पुसून टाकते. झेंडा हाती असला की नियम लागू नाहीत, हे ते शिक्षण आहे. समतेच्या विचाराने चालणाऱ्या संघटनांनी तरी या शर्यतीत उतरता कामा नये. ज्याच्याजवळ परवाना नाही तो फेरीत वाहन चालवणार नाही, ज्याच्या डोक्यावर हेल्मेट नाही तो फेरीत दिसणार नाही, आणि हे पाळता येत नसेल तर फेरी पायी निघेल, असा ठराव प्रत्येक तालुका शाखेने करावा. या देशातील मोठ्या चळवळी पायीच चालल्या आहेत. पायी चालल्याने कोणाचा प्रभाव कमी झालेला नाही.

पुढच्या अभ्यासवर्गापर्यंत प्रत्येक शाखेला तीन कामे सहज करता येतील. तालुक्यातील कोणत्या गावांना शाळेच्या वेळेची बस नाही याची यादी करून ती आगाराच्या व्यवस्थापकाकडे द्यावी. गावातील एका निवृत्त एसटी चालकाला एका शाळेत घेऊन जावे. आणि आपल्या घरातील दुचाकीची किल्ली कोणाच्या हातात आहे, हे प्रत्येकाने आज रात्री घरी गेल्यावर पाहावे.